भ्रम कोणता होता ते लिही

मी एक जुना शब्दकोश आहे, आणि माझ्या शेवटच्या पानावर माझ्याच चुकांची यादी छापलेली आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या वहीतल्या चुका तुमच्या शिक्षिका बघतात, फार तर घरी आई बघते. माझ्या चुका मोजून सदतीस आहेत आणि त्या माझ्या हजार भावंडांच्या पाठीवर बसून गावोगाव गेल्या. त्या यादीला शुद्धिपत्र म्हणतात. कित्येक वर्षं मला वाटायचं, कुणीतरी तेवढं एक पान टरकन फाडून टाकावं, म्हणजे मी सुटलो. ते कुणी फाडलं नाही, याबद्दल आज मी मनापासून आभारी आहे. का, ते सांगतो. जरा ऐसपैस बसा.

मला तयार केलं ते एका निवृत्त शिक्षकांनी आणि त्यांच्या बायकोनं. दोघांनी चौदा वर्षं घालवली. एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांत. घरात बूट कमी आणि खोकीच जास्त. मग जुळाऱ्यांनी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, पानं छापली गेली, बाइंडरनं मला शिवलं, पाठीला सरस लावला, तपकिरी कापडी पुठ्ठा चढवला आणि वर सोनेरी अक्षरं उमटवली. काय थाट होता माझा! पण बांधणीच्या आदल्या आठवड्यात त्या दोघांनी छापलेली पानं पुन्हा वाचली आणि सदतीस चुका सापडल्या. छापणारा म्हणाला, "जाऊ द्या हो, कोण बघतंय?" शिक्षकांची बायको म्हणाली, "जो उघडेल तो विश्वासानं उघडेल. त्याला सांगायला नको?" झालं. नव्याकोऱ्या कपड्यांना ठिगळ लावावं तसं ते पान माझ्या शेवटी चिकटलं, आणि मी जन्मतःच खट्टू झालो.

तिथून मी एका छापखान्यात आलो, प्रूफं तपासायच्या खोलीत. खोली लहान, खिडकी एकच. पलीकडे यंत्रं चालू झाली की फरशी थरथरायची आणि कपाटाची काच वाजायची. मधे एक मेज, दोन बाजूंना दोन खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांत बसायची दोन माणसं.

एक होते तपासनीस. पांढऱ्या भुवया, कानामागे लाल पेन्सिल, आवाज खणखणीत. छापखान्यातले लोक त्यांना 'अचूकराव' म्हणायचे. सुरुवातीला ते चिडवायला म्हणत असावेत, पण हळूहळू नाव अंगाला चिकटलं आणि त्यांना आवडायलाही लागलं. दुसऱ्या होत्या वाचकबाई. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण वाचायला लागल्या की खोलीभर आवाज.

त्यांच्या कामाची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे. लेखकानं हातानं लिहिलेला मूळ मजकूर बाईंच्या हातात. त्यावरून छापलेलं कच्चं पान, म्हणजे प्रूफ, अचूकरावांच्या हातात. बाई मोठ्यानं वाचायच्या, विरामचिन्हांसकट: "पाणी उकळून घ्यावे पूर्णविराम नंतर स्वल्पविराम गार झाल्यावर स्वल्पविराम..." आणि अचूकराव प्रुफावर बोट फिरवत ऐकायचे. कानावर एक आणि कागदावर दुसरं आलं की लाल पेन्सिल चालली. रोज सहा तास, वर्षानुवर्षं. बाईंना घरी भाजीची यादी सांगतानासुद्धा मधे स्वल्पविराम यायचा म्हणे.

अचूकरावांनी मला कधी उघडलं नाही. हे मी रागानं नाही सांगत. बरं, थोडं रागानंच सांगतो. ते म्हणायचे, "कोश ज्याला लागतो त्यानं प्रूफं तपासू नयेत." आणि माझ्यावर चहाचा कप ठेवायचे. माझ्या पुठ्ठ्यावर तो गोल डाग अजून आहे, या, बघून जा. वारा सुटला की मला खिडकीच्या फटीत उभं करायचे. एवढे शब्द पोटात घेऊन मी खिडकीची पाचर झालो होतो!

बाई मात्र मला उघडायच्या. आधी हात पुसायच्या, मग पान उलटायच्या, कोपरा न दुमडता. काम झाल्यावर मला रुमालानं पुसून जागेवर ठेवायच्या. त्यांच्या हातात असलो की मला माझी सोनेरी अक्षरं आठवायची. त्या बोटांचा मी फार ऋणी आहे.

आणि बाई आणखी एक गोष्ट करायच्या, जी फक्त मला ठाऊक होती. अचूकराव दुपारी चहा घ्यायला खाली गेले, की त्या तपासलेलं प्रूफ पुन्हा समोर घ्यायच्या आणि मुक्यानं, ओठ मिटून वाचायच्या. जवळजवळ रोज एखादी चूक सापडायची. सुटलेली. अचूकरावांच्या नजरेतून! बाई ती आपल्या पेन्सिलीनं दुरुस्त करायच्या, एका बारीक चिठ्ठीवर टिपून ठेवायच्या आणि चिठ्ठी माझ्या पोटात, अगदी शेवटी, त्या शुद्धिपत्राशी सरकवायच्या. जे पुस्तक अचूकराव जन्मात उघडणार नाहीत, तिथे.

खरं सांगू? प्रत्येक चिठ्ठीगणिक माझ्या मनात उकळ्या फुटायच्या. 'ठेव अजून माझ्यावर कप,' असं मी मनात म्हणायचो. मी काही फार थोर पुस्तक नव्हतो.

एका सोमवारी मालक खोलीत आले. मालक म्हणजे छापखान्याचे मालक, दिसायला तापट पण मनाचे सरळ. त्यांनी दारातूनच खोलीची लांबी-रुंदी नजरेनं मोजली. म्हणाले, "नवं कापायचं यंत्र येतंय. ठेवायला जागा नाही. या खोलीतलं मेज कडेला सरकवून एक खुर्ची काढावी लागेल. अचूकराव, एकट्यानं जमेल ना तुम्हाला?"

बाई खाली बघत होत्या. अचूकरावांनी क्षणभरही विचार केला नाही.

"न जमायला काय झालं? चुका मीच काढतो ना? मूळ मजकूर शेजारी ठेवला की झालं."

"मग बाईंचा शुक्रवार शेवटचा," मालक म्हणाले. "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

बाई म्हणाल्या, "नाही हो." आणि पुढचं वाक्य वाचायला लागल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा एक स्वल्पविराम वाचायचा राहिला.

अचूकराव दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण चुकत नाही. वीस वर्षांत बाहेरून एक तक्रार आली नव्हती, मग वाटणारच. मला मात्र धडकी भरली. बाई गेल्या तर दुपारी ओठ मिटून कोण वाचणार? आणि मला कोण पुसणार? घसा असता तर त्याच दिवशी बोंब ठोकली असती. पण माझ्या पोटात शब्द होते आणि तोंड नव्हतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी अचूकरावांची नात आली. आजोबा तिला ठकू म्हणायचे. वय दहा, समोरचे दोन दात अर्धे उगवलेले, आणि तोंडाची टकळी कधी बंद नाही. आई कामावर असायची, म्हणून शाळा सुटली की ती छापखान्यात यायची. त्या दिवशी मात्र फुगून आली आणि वही मेजावर आपटली.

"आजोबा, तुम्ही सांगितलेलं चुकलं!"

"मी सांगितलेलं?" अचूकरावांनी चष्मा वर केला. "दाखव."

गृहपाठ होता, 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'. शब्द होता 'भ्रमनिरास'. आदल्या संध्याकाळी आजोबांनी झटकन अर्थ सांगितला होता, 'फार निराश होणे'. आणि वाक्यही सांगितलं होतं, 'सहल रद्द झाल्यामुळे माझा भ्रमनिरास झाला.' त्याखाली शिक्षिकेनं लिहिलं होतं: 'हे नुसतं वाईट वाटणं झालं. भ्रम कोणता होता ते लिही.'

"भ्रम कोणता होता म्हणजे?" अचूकराव ताडकन उठले. "वीस वर्षं शब्दांत घालवली मी! थांब, छापील पुरावाच देतो तुझ्या बाईंना."

वाचकबाई तेव्हा खोलीत नव्हत्या, तपासलेली पानं द्यायला यंत्राकडे गेल्या होत्या. अचूकरावांनी माझ्यावरचा कप उचलला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मला उघडलं. माझी पानं कुरकुरली. मला राग यायला हवा होता, पण काय सांगू, आनंदानं माझी शिवण सैल झाली!

त्यांचं बोट भ्रम, भ्रमण करत खाली आलं आणि थांबलं. ठकूनं मोठ्यानं वाचलं, "भ्रमनिरास. खोटी समजूत दूर होणे. भ्रम नाहीसा होणे."

"निराश होणे कुठेय?" अचूकराव म्हणाले.

"नाहीये, आजोबा."

"नीट बघ."

"नाहीच्चे. म्हणजे आधी काहीतरी खोटं वाटत असायला हवं, आणि मग ते खोटं आहे असं कळायला हवं. सहल तर खरंच ठरली होती. माझ्या बाईंचं बरोबर आहे."

अचूकरावांनी मला खाडकन मिटलं आणि त्या धक्क्यानं माझ्या पोटातून, शेवटच्या पानापाशी ठेवलेल्या काही चिठ्ठ्या बाहेर आल्या. मग आणखी काही. मग मी स्वतःहून सगळ्या सोडून दिल्या म्हटलं तरी चालेल. मेजावर, फरशीवर, ठकूच्या दप्तरावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

ठकूला काय, खेळच मिळाला. ती एकेक उचलून वाचू लागली. "'भूगोलाचं पुस्तक, पान चाळीस, पूर्वच्या जागी पश्चिम. दादांकडून सुटलं. सुधारलं.' आजोबा, दादा कोण?"

बाई अचूकरावांना दादा म्हणायच्या.

"'वेळापत्रक, पान तीन, सहाच्या जागी नऊ. सुटलं. सुधारलं.' 'लहान मुलांच्या औषधांची पुस्तिका, पान अकरा, दोन थेंबच्या जागी दोन चमचे. सुटलं. सुधारलं...'"

"दे इकडे," अचूकराव म्हणाले. आवाज खणखणीत नव्हता. ती चिठ्ठी त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. पुस्तिका त्यांना आठवत होती. तिच्या शेवटच्या प्रुफावर 'अचूक' असं लिहून त्यांनी स्वतः सही केली होती.

तेवढ्यात बाई दारात आल्या. फरशीवरच्या चिठ्ठ्या बघून जागच्या जागी थबकल्या.

"माझ्या पाठीमागे माझ्या चुका गोळा करत होतात?" अचूकराव कडाडले. कान लाल झाले होते. "कुणाला दाखवायला?"

"गोळा नव्हते करत, दादा," बाई म्हणाल्या. "झाडत होते."

"मग ठेवल्यात कशाला?"

"तुमची नजर कुठे घसरते ते कळावं म्हणून. आकडे, दिशा, सारखे दिसणारे शब्द. तिथे आलं की मी मुद्दाम सावकाश वाचायचे. तुम्ही ओरडायचात ना, अक्षरं काय ओढून लांब करताय म्हणून?"

अचूकरावांनी हातातली चिठ्ठी मेजावर ठेवली. ते रोज ओरडायचे.

"तोंडावर का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. तुम्ही तीन दिवस बोलला नव्हतात." बाई खाली वाकून चिठ्ठ्या उचलू लागल्या. "आणि चूक तुमची एकट्याची नाही हो. मी बरोबर वाचते, तुमचा कान बरोबर ऐकतो, आणि डोळ्यालाही मग तेच दिसतं. कागदावर चमचे असले तरी तुम्हाला थेंबच दिसणार. निम्मी चूक माझ्या आवाजाची आहे. म्हणून मी आवाज बंद करून पुन्हा बघते. उद्या जाताना हे सगळं घेऊन जाणार होते. तुम्हाला कळायलाही नको होतं."

पलीकडचं यंत्र चालू होतं आणि कपाटाची काच वाजत होती. अचूकराव खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आला, आणि मला जराही मजा आली नाही.

ठकूनं मात्र मला जवळ ओढलं, आत अजून एखादी चिठ्ठी अडकलीय का बघायला. शेवटचं पान उघडलं आणि ती ओरडली, "आजोबा! अहो, हे बघा, या पुस्तकाच्यापण चुका छापल्यात!"

मित्रांनो, त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सदतीसच्या सदतीस ओळी उघड्यावर! अचूकरावांनी मला समोर घेतलं. एकेका ओळीवरून लाल पेन्सिलीचं टोक न टेकवता फिरवलं. 'पान ८२ : अमुकऐवजी तमुक वाचावे. पान ११९...' अगदी सावकाश, मुक्यानं. पहिल्यांदाच मी त्यांना ओठ मिटून वाचताना बघत होतो.

"स्वतः छापलंय," ते हळूच म्हणाले. "कुणी मागितलं नव्हतं तरी."

मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, माझ्यात ठेवल्या, मला काखेत मारलं आणि थेट मालकांच्या खोलीत शिरले. मागून ठकू, तिच्यामागून "दादा, राहू द्या, दादा," करत बाई.

"मालक, एकटा पुरे असं मी सोमवारी म्हणालो," अचूकराव उभ्यानंच बोलले. त्यांनी मला काखेतून काढून मेजावर उघडलं. "ते चूक आहे. मी चुकतो. रोज चुकतो. बाहेर कळलं नाही ते यांच्यामुळे. हे बघा."

मालकांनी पहिल्या दोन-चार चिठ्ठ्या घाईघाईत वाचल्या. थेंब आणि चमच्यांची चिठ्ठी आली तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ती पुस्तिका किती घरांत गेली होती ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ती चिठ्ठी उलटी करून मेजावर ठेवली, पुन्हा सरळ केली.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"काम तर बरोबर जात होतं," बाई म्हणाल्या.

"तसं सांगितलं असतं, तर बाईंनाच काढा असं मीच तुम्हाला म्हटलं असतं, ही भीती असेल त्यांना," अचूकराव म्हणाले. "कदाचित मी तसंच केलंही असतं. आता सांगतो, काढायचं असेल तर मला काढा."

"कुणाला काढायचं नाही," मालक खेकसले, पण ते खेकसणं आपलं वरवरचं. "यंत्र माझ्या खोलीत ठेवतो. मी काय, बाहेर व्हरांड्यात बसेन. जा, कामाला लागा. आणि ते दुसरं वाचन चहाच्या वेळी चोरून नको. रोज, दोघांनी, उजेडात."

अशी बाईंची खुर्ची राहिली. मालक पुढे तीन वर्षं व्हरांड्यात बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की इथे हवा छान येते.

परत खोलीत आल्यावर अचूकरावांनी कप उचलून खिडकीत ठेवला. मग ठकूची वही ओढली. "लिही," म्हणाले. "भ्रम कोणता होता विचारतायत ना तुझ्या बाई? लिही. 'मी कधीच चुकत नाही, असे माझ्या आजोबांना वाटत असे. वाचकबाईंनी त्यांचा भ्रमनिरास केला. त्याबद्दल आजोबा त्यांचे आभारी आहेत.'"

"तीन वाक्यं झाली, आजोबा. एकच सांगितलंय."

"होऊ देत. उशीर झालाय, थोडं जास्त लिहायला हवं."

बाई मूळ मजकुराचा कागद तोंडासमोर धरून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मग वाचायला लागल्या, आकडा आला तिथे सावकाश, आणि अचूकराव म्हणाले, "अजून सावकाश वाचा, बाई. घाई नाही."

वही परत आली ती बरोबरची खूण घेऊन. खाली शिक्षिकेनं लिहिलं होतं: 'छान. वाचकबाईंना माझा नमस्कार सांग.'

त्यानंतर माझे दिवस पालटले. अचूकराव मला दिवसातून दहादा उघडू लागले. ज्या शब्दाची खातरी आहे तोच आधी बघायचे. बाईंच्या चिठ्ठ्यांसाठी बुटांचं एक खोकं आलं, मेजावर, सगळ्यांना दिसेल असं. चिठ्ठीवर आता दोघांच्याही चुका असायच्या, कारण बाईही चुकायच्या, आणि चुकल्या की अचूकरावांना होणारा आनंद लपत नसे.

दोघं म्हातारे झाले, निवृत्त झाले, आणि मी ठकूकडे आलो. ती आता औषधांच्या दुकानात काम करते आणि बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचते, एकदा मोठ्यानं, एकदा मुक्यानं. गिऱ्हाइकं घाई करतात, ती करत नाही. माझा पुठ्ठा सुटलाय, सोनेरी अक्षरांतली दोनच उरलीत, आणि कपाचा डाग आहे तिथेच आहे. तो मला आता नकोसा वाटत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं पुस्तक असेल, तर मित्रांनो, त्याच्यावर ओला कप ठेवू नका. पान सुटलं असेल तर खळ लावून चिकटवा. आणि त्याचं शेवटचं पान एकदा उघडून बघा. माझ्या शुद्धिपत्रात आता अडतीस ओळी आहेत. सदतीस छापलेल्या, आणि त्याखाली लाल पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात, अचूकरावांनी निवृत्त व्हायच्या दिवशी लिहिलेली एक:

'या खोलीत जिथे जिथे माझी सही आहे, तिथे दोघांची वाचावी.'